हवा जाऊ देणारं कापड

मागच्या जुलैची गोष्ट आहे. मुंबईहून एक मेल आला. ऑडिओबुक तयार करणाऱ्या एका कंपनीला मी आवाजाचा नमुना पाठवला होता. चार पानी मराठी कथा, बारा मिनिटांचं वाचन. उत्तर दोन ओळींचं होतं. वाचन आवडलं, पण आवाज बाथरूममधून आल्यासारखा वाटतो. पंधरा दिवसांत खोलीचं काही करता आलं, तर पुन्हा पाठवा.

मी तो नमुना हेडफोन लावून परत ऐकला. त्यांचं बरोबर होतं. प्रत्येक शब्दामागे एक पातळ शेपूट होती. ‘पाऊस’ म्हटलं की ‘स’ भिंतीवर जाऊन परत येत होता. रेकॉर्ड करताना मला ते कधी जाणवलं नाही. राहत्या घराचा वास जसा आपल्याला येत नाही, तसंच हे.

भोकरदन तालुक्यात, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेजवळ आमचं पिंपळगाव रेणुकाई आहे. गावाचं नाव देवीवरून, पण बाहेरच्या बाजारात ओळख मिरचीमुळे. हंगामात इथली हिरवी मिरची ट्रक भरून परराज्यांत जाते. लॉकडाऊनमध्ये पुण्याची नोकरी सुटली आणि मी गावी परतलो. मिरचीचं शेत नाही, आडत नाही. वाचायची आवड आणि बरा आवाज, एवढंच भांडवल होतं. म्हणून मागच्या बाजूची दहा बाय अकराची खोली ‘स्टुडिओ’ म्हणून घेतली. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, चारही भिंती गुळगुळीत पुट्टी केलेल्या. मधोमध उभं राहून टाळी वाजवली की ‘टर्रर्र’ असा आवाज यायचा. समोरासमोरच्या दोन भिंती टाळी एकमेकींकडे फेकत बसायच्या.

यावर इलाज काय, हे मोबाईलवर पाहून कळलं होतं. भिंतीवर आवाज शोषणारे पॅनल लावायचे. लाकडी चौकट, आत मऊ तंतूंचा जाड थर आणि वरून कापड. आवाज म्हणजे हवेची हालचाल. ही हालणारी हवा तंतूंच्या जाळ्यात शिरली की घासते, दमते आणि तिच्यातली ताकद किंचितशा उष्णतेत बदलते. भिंतीपर्यंत फार थोडी पोहोचते आणि परत त्याहूनही कमी येते. एवढंच शास्त्र.

बाजारात मिळणारे काळे, टोकदार फोमचे चौकोन मी आधी पाहिले होते. ते इंचभर जाडीचे. पुरुषाच्या आवाजातल्या खालच्या सुरांची लाट अडीच-तीन मीटर लांब असते. इंचभर फोम तिला काय अडवणार? तो फक्त वरचे बारीक सूर खातो, आणि खोली शांत होण्याऐवजी कोंदट वाटायला लागते. अंड्यांच्या ट्रेचं तर नावच नको. चार इंच जाडी हवी आणि मागे भिंतीपासून दोन इंच पोकळी. आत रॉकवूल भरतात. जालन्याच्या स्टील कारखान्यात एक मित्र आहे. तो म्हणाला, "आणून देतो, पण हाताळताना अंग खाजतं, जपून."

हे सगळं मी जेवताना बोलत होतो. अब्बा ऐकत होते. हात धुता धुता म्हणाले, "तंतू चाहिए ना? मोटा, फूला हुआ? तो रुई में क्या कीडे पडे?"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. आम्ही पिंजारी. दादा खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव फिरायचे. अब्बांनी निम्मं आयुष्य गाद्या भरल्या. कापसाचा एकेक तंतू मोकळा करून त्यात हवा कोंडणं हाच आमच्या घराण्याचा धंदा, आणि मी तंतूंचा थर शोधायला जालन्याच्या एमआयडीसीत निघालो होतो.

आमच्यातले कितीतरी लोक मन्सूरी आडनाव लावतात. ते नाव मन्सूर अल-हल्लाज या सूफीवरून आलं, असं समाजात मानतात. बगदादमध्ये इसवी सन ९२२ साली त्याला मृत्युदंड दिला गेला. ‘हल्लाज’ या अरबी शब्दाचा अर्थच पिंजारी. दादांना त्याचं तत्त्वज्ञान किती ठाऊक होतं, सांगता येत नाही. मात्र आपल्या धंद्यातला एक माणूस एवढा मोठा झाला, याचा त्यांना अभिमान होता. पुढे पिंजणयंत्रं आली आणि धनुकली खुंटीला गेली. फोमच्या गाद्या आल्या आणि अब्बांचा सुईदोराही हळूहळू थांबला. आता वर्षाला चार-दोन लग्नांच्या गाद्या निघतात, त्याही कुणी जुना माणूस हट्टाला पेटला तरच.

आतला थर कापसाचा, हे असं ठरलं. घरात दोन जुन्या डबल गाद्या होत्या. दडपून दगड झालेल्या. तो कापूस भोकरदनला यंत्रावर पिंजून आणला. दोन बाय चार फुटांच्या सहा चौकटी, एकेकीत साधारण तीन किलो कापूस. चौकटी सुतारकाकांनी पॅकिंगच्या खोक्यांच्या लाकडातून करून दिल्या. दोन दिवसांत सगळं तयार झालं. मला वाटलं, संपलं काम. राहिलं ते नुसतं वरचं कापड.

खरी कुस्ती त्या कापडाशीच झाली.

आधी भोकरदनच्या एका दुकानात गेलो. काम सांगितल्यावर दुकानदाराने रेक्झिनचा गठ्ठा पुढे टाकला. मरून रंग, सोनेरी टिपका. "थेटरवाले हेच लावतात. पुसलं की साफ." दिसायला खरंच दिमाखदार होतं. मी तोंडाजवळ धरून फुंकर मारली. सगळी हवा माझ्याच नाकावर परत आली.

पॅनलच्या कापडाची परीक्षा ही एवढीच. कापड ओठांना लावायचं आणि फुंकायचं. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा लागला तर आवाजही जाईल. नाही लागला तर आत कितीही चांगला कापूस भरा, बारीक सूर कापडावर आपटून खोलीत परत येणार. रेक्झिन म्हणजे भिंतीवर लावलेली दुसरी भिंत. थिएटरात ते चालतं तेव्हा त्याला बारीक बारीक भोकं पाडलेली असतात, किंवा ते केवळ दिसण्यापुरतं लावलेलं असतं.

खास पॅनलसाठी विणलेलं कापडही मिळतं. ऑनलाइन भाव पाहिला, मीटरला आठशेच्या पुढे. मला बारा मीटर लागणार होतं. मोबाईल खिशात ठेवला.

घरी अब्बांनी त्यांच्या पेटीतून गादीपाट काढून ठेवला होता. निळ्या पट्ट्यांचा, घट्ट विणीचा. एकेकाळी गावातल्या निम्म्या घरांच्या गाद्यांवर हाच असायचा. कापडावर हात फिरवत म्हणाले, "ये लगा. बीस साल नहीं फटता." मी फुंकून पाहिलं. तळहाताला जेमतेम काही जाणवलं. मी मान हलवली.

अब्बांना ते लागलं. "कपडा फूंक मारके देखते क्या? कपडा चुटकी में पकडके देखते." मग त्यांनी धंद्याचा पहिला नियम ऐकवला, "जिसमें से हवा जाती, उसमें से रुई भी जाती."

आमचं भांडण या एका वाक्यावर आलं. त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवात चांगलं कापड म्हणजे कापसाचा एक तंतूही बाहेर न सोडणारं. विरळ कापड लावलेल्या गादीतून चार महिन्यांत कापूस डोकावायला लागतो आणि गिऱ्हाईक दारात येऊन शिव्या देतं. मला मात्र नेमकं विरळच हवं होतं. चाळीस वर्षं ज्या गुणावर त्यांनी नाव कमावलं, तो माझ्या कामात अवगुण ठरत होता. हे त्यांना नीट समजावून सांगायची मला तेव्हा अक्कल नव्हती. मी म्हणालो, "आपको इसमें का समझता नहीं." ते उठून ओट्यावर जाऊन बसले.

त्याच तिरमिरीत मी दुसऱ्या दिवशी बारदाना आणला. गोणपाट. मोबाईलवर सुंदर दिसलं होतं. मातकट रंग, ठसठशीत वीण, अगदी मासिकातल्या घरासारखं. फुंकर तर आरपार जाते. बाजारातल्या एका ओळखीच्या दादांनी वीस रिकाम्या गोण्या फुकट दिल्या. "घेऊन जा भाऊ, नाहीतरी उंदीर कुरतडतात." मी त्या खोलीत नेल्या, उसवल्या आणि एक झटकून फुंकली.

पुढची पंधरा मिनिटं मला काही दिसलं नाही. त्या गोण्या वाळल्या लाल मिरचीच्या होत्या. विणीच्या प्रत्येक भोकात वर्षभराची धूळ बसलेली. माझा खोकला ऐकून अम्मी धावत आली, तिला शिंका सुरू झाल्या, तिच्यामागून शेजारच्या मावशी आल्या, त्यांनाही. "ये क्या लाया रे घर में? आवाज का कमरा है के मिरची का कांडप?" अम्मी पदराने डोळे पुसत होती. ओट्यावरून अब्बांचं हसू ऐकू आलं. निदान अबोला सुटला.

कोरं गोणपाट विकत मिळतं आणि ते चालतंही, हे इथे सांगायला हवं. पण त्याची बारीक कूस झडत राहते, पावसाळ्यात ज्यूटचा वास उठतो, आणि विणीतून आतला पांढरा कापूस दिसतो. वाचणाऱ्याला श्वास मोकळा हवा. मी गोणपाटाचा नाद सोडला.

मग अम्मीने ट्रंक उघडली. तिच्या निकाहच्या वेळचा मशरूचा एक तुकडा त्यात होता, दीड-दोन मीटरचा. औरंगाबादेहून आणलेला. जांभळ्यावर पिवळे पट्टे, आणि उजेडात धरला की पाण्यासारखी चमक. आपल्याकडच्या हिमरूचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं, मशरूची गोष्ट कमी जणांना माहीत असते. पुरुषांनी अंगाला निव्वळ रेशीम लावू नये, असा दंडक. मग विणकरांनी वाट काढली. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा आणि वीण साटीनची. त्यामुळे रेशीम सगळं बाहेरच्या अंगाला येतं आणि कातडीला लागतं ते सूत. नावही त्यावरूनच आलं. मशरू म्हणजे शरियतला मान्य असलेलं. नियम मोडला नाही, हौसही मारली नाही.

अम्मी म्हणाली, "एक पे ये लगा. अच्छा दिखेगा." मी फुंकर मारली. साटीनची वीण दाट असते. हवा अडली. मी तो तुकडा घडी घालून परत दिला, पण मनात एक गोष्ट राहिली. त्या विणकरांनी एकाच कापडाला दोन कामं वाटून दिली होती. बाहेरच्या बाजूने दिसायचं काम, आतल्या बाजूने अंगाशी राहायचं. मी मात्र एकाच कापडाकडून सगळं मागत होतो. दिसायलाही तेच हवं, हवाही त्यानेच सोडायची आणि कापूसही त्यानेच धरायचा. अब्बा एक काम सांगत होते, मी दुसरं.

तेव्हा कापडं दोन घ्यायची. आत मलमलीची खोळ, रजाईसारखी टाके घातलेली. ती कापूस धरेल. वरून दुसरं कापड, ते खोलीला रूप देईल. दोन्ही हवा सोडणारी. रात्री जेवताना मी हे अब्बांना सांगितलं आणि म्हणालो, "खोळ आपको सीना पडेगा. मेरे से नहीं होता." त्यांनी घास चावून संपवला. मग म्हणाले, "टाका कितने इंच पे?"

वरच्या कापडासाठी मी मांजरपाट निवडला. कोरं, न धुतलेलं, साध्या विणीचं सुती कापड. आपल्याकडे ते मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मागांवरून येतं. मालेगावात ही विणकरी आणली ती १८५७ च्या उठावानंतर उत्तर प्रदेशातून पायपीट करत आलेल्या मोमीन विणकरांनी. आधी हातमाग, पुढे यंत्रमाग. शर्टाचं अस्तर, उशीचा अभ्रा, पिशवी, कफन, सगळीकडे हे कापड असतं. त्याचं नाव मात्र कुणी घेत नाही. मला मीटरला साठ रुपयांनी मिळालं. छत्तीस इंच पन्ह्याचं.

घरी आणून फुंकलं आणि तोंड उतरलं. हवा अडत होती. वीण तर सैल दिसते, मग अडतंय कुठे? मी कापड उजेडाकडे धरून बसलो होतो. अम्मीने जाता जाता ते चिमटीत घेऊन चुरगाळलं. करकर आवाज झाला. "अरे, खळ है इसमें. पहले धो, फिर फूंक."

मागावर ताण्याचा धागा तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. ती धाग्यांमधल्या फटी बुजवते. रात्रभर भिजवून, गरम पाण्यात सोडा टाकून धुतलं तेव्हा बादलीत पेजेसारखं पाणी सुटलं. वाळल्यावर कापड मऊ पडलं. फुंकर मारली तर पलीकडे धरलेल्या उदबत्तीचा धूर वाकला. अम्मी काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिने पाहिलं.

एक चूक तरीही झाली. दोन फूट रुंदीची चौकट, दोन्ही बाजूंना चार-चार इंच जाडी आणि मागे दोन-दोन इंच दुमड, म्हणजे बरोबर छत्तीस इंच. हिशेब जुळला म्हणून मी खुश होतो. धुतल्यावर कोरं कापड आटतं, हे विसरलो. पन्हा चौतीसवर आला. मागे खिळा मारायला पदरच उरला नाही. ते बारा मीटर अम्मीच्या उशांना गेलं आणि मी चव्वेचाळीस पन्ह्याचं दुसरं आणलं. कुणी पॅनल करणार असेल तर एवढं लक्षात ठेवा. कापड आधी धुवा, मग मोजा, मग कापा.

आगीचा विचार करणं भाग होतं. कापूस, कापड, लाकूड आणि त्याच खोलीत विजेच्या वायरी. नुसत्या मांजरपाटाच्या चिंधीला काडी लावली, चार सेकंदांत राख. मग गरम पाण्यात टाकणखार आणि बोरिक पावडर विरघळवून दुसरी चिंधी त्यात बुडवली, वाळवली आणि काडी लावली. काळी पडली, पण काडी काढताच विझली. म्हणून कापूस आणि कापड दोन्हींना ते पाणी दिलं. कापडाला रंगवून झाल्यावर, शेवटी. कारण नंतर धुतलं की ते निघून जातं. याने आग लागणारच नाही, असं नाही. वायरी मी पॅनलपासून लांबच ठेवल्या. पावसाळा होता, सगळं वाळायला चार दिवस गेले. पंधरातले अकरा संपले होते.

राहिला रंग. तो रंगवूनच द्यायचा, ऑइलपेंटने नव्हे. पेंट विणीवर साय धरतो आणि पुन्हा रेक्झिनच होतं. पाकिटातला कापडाचा रंग धाग्यात शिरतो, फट मोकळी राहते. मला मोबाईलवर पाहिलेला गडद करडा हवा होता. अम्मी म्हणाली, "कबर लगेगी." चार चौकटी कोऱ्याच ठेवायच्या आणि दोन मिरचीसारख्या गर्द हिरव्या करायच्या, असं मला सुचलं.

पुण्याच्या मित्राला फोनवर सांगितलं. तो थोडा थांबून म्हणाला, "बघ बाबा. उद्या व्हिडिओ टाकशील, मागे हिरवं दिसेल. लोक उगाच काहीतरी अर्थ काढतात." तो माझ्या भल्याचंच बोलत होता. रंगाचं पाकीट हातात घेऊन मी दुकानात बराच वेळ उभा होतो. निळं घ्यावं का, असंही मनात येऊन गेलं. बाहेर मिरचीच्या गोण्यांनी भरलेला टेम्पो उभा होता. शिवलेल्या तोंडांतून हिरवे देठ बाहेर आलेले. आमच्या गावात हिरवा रंग कुणाचा असेल तर तो मिरचीचा. त्यावर सगळ्यांची पोटं चालतात. मी हिरवंच पाकीट घेतलं.

अब्बांनी सहाही खोळी तीन दिवसांत शिवल्या. दर नऊ इंचांवर टाका, म्हणजे उभ्या चौकटीत कापूस खाली बसणार नाही. हे मला कुठल्या व्हिडिओने सांगितलं नव्हतं. गादी आडवी असते, पॅनल उभं. त्यांनी ते आपणहून ओळखलं आणि टाका नेहमीपेक्षा जवळ घेतला. कापड ताणताना ते एका बाजूला, मी दुसऱ्या. आधी चारही बाजूंच्या मधोमध एकेक खिळा, मग कोपऱ्यांकडे सरकत जायचं, म्हणजे वीण तिरकी होत नाही. कोपऱ्याची घडी त्यांनीच घातली, चादरीसारखी, एकही सुरकुती नाही. सगळा खर्च लाकूड, पिंजणावळ, वाया गेलेलं कापड धरून साडेचार हजारांच्या आत राहिला.

चौदाव्या दिवशी पॅनल टांगले. दोन समोर, दोन बाजूंना, दोन मागे. मधोमध उभं राहून टाळी वाजवली. ‘टप्’. एवढंच. अम्मीने वाजवली, मग शेजारच्या मावशींनी वाजवली. जो तो टाळ्या वाजवायला आत येत होता.

कापडाने खोलीचा आवाज बदलतो, हे मोजून दाखवणारा माणूस अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा, वॉलेस सॅबिन. १८९५ साली त्याला तिथल्या एका व्याख्यानगृहाचा घुमणारा आवाज दुरुस्त करायला सांगितलं. जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री त्या दालनात आणायचा, ऑर्गनचा एक सूर वाजवून थांबवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. सकाळी गाद्या परत. मोजणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्यांनीही आकडा बदलतो, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने आधीची हजारो मापं बाद केली. हे मी अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "गादी उठाने को आदमी कितने थे?" धंद्यातल्या माणसाचा प्रश्न.

पॅनल आतला आवाज शमवतात, बाहेरचा अडवत नाहीत, हा भेद पुष्कळांना माहीत नसतो. ट्रकचे हॉर्न, कुत्री, मोटारपंप, सगळं तसंच ऐकू येतं. त्यावर उपाय एकच, रात्र. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली पडद्यावर आला. स्टुडिओजवळून रेल्वे जायची म्हणून त्याचं बरंचसं चित्रण रात्री गाड्या थांबल्यावर झालं होतं. मीही पंधराव्या रात्री एक वाजता बसलो. पंखा बंद, अंगात बनियन, घामाच्या धारा. तीच कथा पुन्हा वाचली. ‘पाऊस’ म्हटलं आणि ‘स’ परत आला नाही.

आठवड्याने फोन आला. आवाज स्वच्छ आहे, एक कादंबरी देतो, म्हणाले. मग पलीकडचे गृहस्थ मनापासून म्हणाले, "तुमचं मराठी किती छान आहे हो. तुमच्या नावावरून वाटलं नव्हतं." हे वाक्य मी शाळेपासून ऐकतोय. यात वाईट हेतू नसतो, हेही माहीत आहे. मी ‘धन्यवाद’ म्हटलं आणि कादंबरीची पानं किती, ते विचारलं. आता सहा तास माझं मराठी लोकांच्या कानांत राहील. त्यांचं त्यांनी ठरवावं.

पहिल्या कादंबरीचे पैसे आले तेव्हा मी अब्बांना म्हटलं, दादांची धनुकली उतरवू. तिचा आवाज रेकॉर्ड करून ठेवू. तो आवाज काढणारे आता फार थोडे उरलेत. अब्बांनी तात पुसली, ताणली, लाकडी मोगरी शोधली. खोलीत खाली बसले, मूठभर कापूस पुढे घेतला. मी माइक लावला. त्यांनी तात छेडली.

‘टण’ झालं आणि संपलं. दुसऱ्यांदा ‘टण’. कोरडं, छोटं. अब्बांनी हात थांबवला आणि चौकटींकडे पाहिलं.

"नहीं रे. ये आवाज ऐसा नहीं था. बाबा गल्ली में बजाते तो तीन घर आगे तक औरतां दरवाजे में आ जाती थी. यहां तो रुई ही पी गई सब."

आम्ही माइक घेऊन अंगणात आलो. संध्याकाळ होती. बाजूला कोंबड्या, लांब ट्रकचा हॉर्न, मावशींच्या घरून कुकरची शिट्टी. अब्बांनी तात छेडली. आवाज समोरच्या भिंतीवर गेला, गल्लीत वळला, परत आला. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. "बाई गं, किती वर्षांनी ऐकलं," म्हणाल्या. त्यांचं ते वाक्यही रेकॉर्डिंगमध्ये आलंय. मी काढलं नाही.